लालबागच्या सिग्नलला एसी का दमतो?

मे महिन्याची अखेर होती. दुपारचे दोन वाजले होते. चर्चगेटला मी एक काळी-पिवळी टॅक्सी केली. वाटेत गिरगावातून मावशीला घ्यायचे आणि दादरला तिच्या मुलीकडे पोहोचवायचे, असा बेत होता. मावशीने पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि ऊन तिला अजिबात सोसत नाही. म्हणून दोन टॅक्स्या सोडून मुद्दाम एसी चालू असलेली तिसरी घेतली होती.

मरीन ड्राइव्हवर गाडीने वेग घेतला आणि समोरच्या जाळीतून छान गार वारा येऊ लागला. माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतला अंकदर्शी तापमापक होता. (पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय सापडेल, ते सांगता येत नाही!) त्याचे टोक जाळीशी धरले. आकडा १० अंश सेल्सिअसवर स्थिरावला. बाहेर ३४ अंश होते. म्हणजे यंत्र उत्तम चालले होते.

गिरगावात मावशी गाडीत बसली. ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, नागपाडा असे करत रखडत भायखळ्याला आलो, तेव्हा आकडा १४ झाला होता. पुढे टॅक्सीवाले उड्डाणपुलावर चढणार, तोच मावशीला लालबागच्या चिवडा गल्लीची आठवण झाली. नातवंडांसाठी चिवडा न्यायचा राहिला होता! झाले, गाडी पुलाखालून निघाली आणि लालबागच्या सिग्नलच्या अलीकडे वाहतूक जी खोळंबली, ती हलेचना. दहा मिनिटांत तापमापकावर २१ दिसू लागले. जाळीतून वारा येत होता, पण त्यातला गारवा गेला होता. मावशी पदराने वारा घेऊ लागली.

"अहो दादा, एसी बंद केलात का?" तिने विचारले.

"नाही हो आजी, चालूच आहे. गॅस संपत आला असणार. मागच्या उन्हाळ्यातही असेच झाले होते, तेव्हा भरून घेतला. आता परवा पुन्हा भरावा लागणार. दोन हजार गेले, म्हणजे माझी दोन दिवसांची कमाई गेली."

'गॅस संपला' हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकले असेल. घरच्या फ्रीजबद्दल, एसीबद्दल, मोटारीबद्दल ते सर्रास बोलले जाते. पण मित्रांनो, जरा विचार करा. मरीन ड्राइव्हला १० अंशांचा वारा देणारा गॅस पाऊण तासात लालबागला येईपर्यंत संपला कसा? आणि संपला, तर गेला कोठे?

गॅस कोठे जातो?

गाडीच्या टाकीतला सीएनजी जळतो आणि संपतो. एसीमधला गॅस जळत नाही. एका बंद नळीच्या चक्रात तोच तो पदार्थ वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्याला प्रशीतक म्हणतात. नळीला कोठे गळती असेल तरच तो कमी होतो. आपल्या शरीरातले रक्त धावल्याने संपत नाही, जखम झाली तर वाहून जाते, तसेच हे.

तो फिरून करतो काय? एक छोटा प्रयोग करून पाहा. हाताच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावा आणि फुंकर घाला. जागा एकदम गार पडते. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते, ती तो तुमच्या कातडीतून काढून घेतो. हीच ती अप्रकट उष्मा. एसीचे सगळे रहस्य या थेंबात आहे. फरक इतकाच, की स्पिरिट उडून गेले की गेले. एसीमध्ये उडालेल्या वाफेचा पुन्हा द्रव करून तिला परत कामाला लावतात.

गेली काही दशके आपल्याकडील बहुतेक मोटारींत जो प्रशीतक वापरला गेला, त्याचे नाव आर-१३४ए. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो. दाब तिप्पट केला, की ० अंशाच्या आसपास उकळतो. डॅशबोर्डच्या मागे नळ्या आणि पातळ पत्र्यांची एक जाळी असते. कारागीर तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात हा द्रव थोड्या दाबाखाली उकळत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून घेतो. हवा गार होते. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे. दाबलेली, तापलेली वाफ मग गाडीच्या अगदी पुढच्या तोंडाशी, रेडिएटरच्याही पुढे बसवलेल्या दुसऱ्या जाळीत जाते. तिचे नाव कंडेन्सर. येथे वाफ आपली सगळी उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते. एका अरुंद झडपेतून हा द्रव परत कूलिंग कॉइलमध्ये शिरतो आणि चक्र पुरे होते.

तेव्हा एसी 'थंडी' तयार करत नाही. थंडी नावाचा काही पदार्थच नाही. एसी हा उष्णतेचा हमाल आहे. गाडीच्या आतली उष्णता उचलायची आणि पुढच्या तोंडाशी नेऊन बाहेर टाकायची, एवढेच त्याचे काम. हमालाचे ओझे किती जड आहे आणि ते टाकायला जागा आहे की नाही, या दोन गोष्टींवर त्याची दमछाक अवलंबून असते. लालबागला या दोन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध होत्या.

नागपूरचे ४४ की मुंबईचे ३४?

आधी ओझ्याकडे पाहू. एक कोडे घालतो. नागपुरात ४४ अंश तापमान आहे आणि हवा कोरडी, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. मुंबईत ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के. दोन्हीकडची एकेक किलोग्रॅम हवा घेऊन ती १० अंशांपर्यंत थंड करायची आहे. कोठे जास्त उष्णता काढावी लागेल?

वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेक हात नागपूरसाठी वर होतात. हिशेब करून पाहू या.

हवेचे तापमान १ अंशाने उतरवायला दर किलोग्रॅमला सुमारे १ किलोजूल उष्णता काढावी लागते. नागपुरात ३४ अंश उतरवायचे, म्हणजे ३४ किलोजूल. मुंबईत २४ अंश, म्हणजे २४ किलोजूल. येथपर्यंत नागपूर पुढे आहे. आता बाष्प मोजा. मुंबईच्या त्या एक किलोग्रॅम हवेत सुमारे २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. १० अंशांच्या हवेत मात्र जेमतेम ८ ग्रॅम मावते. उरलेल्या १४ ग्रॅम वाफेचे पाणी झालेच पाहिजे, आणि पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे २.५ किलोजूल अप्रकट उष्मा बाहेर पडते. तीही एसीलाच उचलावी लागते. १४ गुणिले २.५ म्हणजे ३५ किलोजूल. नागपूरच्या हवेत वाफ असते सुमारे साडेआठ ग्रॅम. तिच्यातून एक ग्रॅम पाणीदेखील नीट पडत नाही. त्याचे फार तर अडीच किलोजूल धरा.

बेरीज करा. नागपूर सुमारे ३७, मुंबई सुमारे ६०!

मुंबईतल्या एसीची निम्म्याहून अधिक मेहनत हवा गार करण्यात जात नाही, ती हवा वाळवण्यात जाते. एसी चालू असलेल्या गाडीखाली पाण्याचे थेंब टपकताना तुम्ही पाहिले असतील. ते इंजिनाचे पाणी नव्हे. ते अरबी समुद्रावरून आलेल्या हवेतले पाणी आहे. तासाला १०० घनमीटर बाहेरची हवा आत घेतली, तर वरच्या हिशेबाने दीड लिटरहून अधिक पाणी गळावे. (हे पाणी वाहून नेणारी नळी कचऱ्याने तुंबली, की ते पुढे बसलेल्याच्या पायावर पडते आणि तक्रार मात्र एसीबद्दल होते.)

नागपूरवर अन्याय नको, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. तेथे उष्णता बाहेर टाकायची ती ४४ अंशांच्या हवेत, आणि ते कठीण असते. शिवाय टप आणि काचा तापून आत येणारी उष्णता तेथे जास्त. पण ओझ्याच्या वजनाबाबत मुंबई पुढे आहे, यात शंका नाही. नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर छान चालतो आणि मुंबईत तो केवळ घाम वाढवतो, त्याचे कारणही हेच.

येथूनच एक उपयोगी युक्ती निघते. गाडीत एक कळ असते. तिच्यावर गाडीच्या चित्रात वळणारा बाण काढलेला असतो. ती दाबली, की एसी बाहेरची दमट हवा न घेता आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. आतली हवा एकदा २६ अंशांवर आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आली, की तिच्यासाठी किलोग्रॅममागे ६० ऐवजी सुमारे २६ किलोजूलच काढावे लागतात. ओझे निम्म्याहूनही कमी झाले! मात्र बंद गाडीत चार माणसे श्वास सोडत असतात, तेव्हा अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा घेणे इष्ट. आमच्या टॅक्सीत ही कळ बंदच होती. मी ती दाबायला सांगितली. आकडा २१ वरून १९ झाला, पण त्याखाली जाईना.

गिरण्यांची हवा

गाडी अजून तेथेच होती, म्हणून थोडे विषयांतर करतो. लालबाग-परळ हा एके काळचा गिरणगाव. या शहरातली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५४ साली स्थापन झाली, आणि पुढे लालबाग, परळ, लोअर परळ, वरळीकडे भोंग्यांची आणि चिमण्यांची रांगच उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्या जागांवर काचेचे मनोरे उभे आहेत, आणि त्या प्रत्येकात एसी आहे.

कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. दमट हवेत तो लवचीक राहतो. मुंबईची समुद्राकाठची हवा सूतकताईला मानवली, त्याचे हे कारण. तरीही ती पुरत नसे, म्हणून गिरणीच्या खात्यांत हवेत मुद्दाम पाण्याचे तुषार सोडून दमटपणा वाढवीत. धाग्याला सुख होई, कामगार घामाने निथळत. गंमत अशी, की 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच कापड गिरणीत जन्मला आहे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातला स्टुअर्ट क्रेमर हा गिरण्यांचा इंजिनियर. त्याने १९०६ साली हा शब्द वापरला, तो गिरणीतल्या हवेत ओलावा घालण्याच्या कामासाठी. त्याच्या चार वर्षे आधी, १९०२ मध्ये, विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आपले प्रसिद्ध यंत्र योजले. दमट हवेने कागद फुगत असे आणि रंगीत छपाई जुळत नसे, म्हणून त्याला हवेतला ओलावा काढायचा होता. म्हणजे एकाला पाणी घालायचे होते, दुसऱ्याला काढायचे होते. माणसाला गार वाटावे, हा विचार दोघांच्याही कामात मागाहून आला. ज्या दमटपणासाठी लालबागेत यंत्रे बसवली, त्याच लालबागेत आज प्रत्येक टॅक्सी तो दमटपणा थेंबाथेंबाने रस्त्यावर टाकत उभी असते.

ओझे टाकायचे कोठे?

आता दुसरी बाजू. उष्णता आपल्या आपण उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तेव्हा कंडेन्सरमधल्या वाफेला आपली उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची असेल, तर ती वाफ बाहेरच्या हवेहून गरम असली पाहिजे. मरीन ड्राइव्हवर ३४ अंशांचा वारा ताशी ५० किलोमीटर वेगाने कंडेन्सरवर आदळत होता. तेथे वाफेचे ५० अंशांच्या आसपास द्रवीकरण होऊ शकते. त्या तापमानाला आर-१३४एचा दाब असतो वातावरणाच्या सुमारे १३ पट.

लालबागला गाडी उभी. वारा नाही. पायाखाली तापलेला रस्ता, पुढच्या गाडीची गरम हवा, आणि स्वतःच्याच इंजिनाची गरम हवा खालून वळसा घालून पुन्हा कंडेन्सरपुढे येते. हवामान खात्याचे ३४ अंश सावलीत, जमिनीपासून वर ठेवलेल्या हवेशीर पेटीतले. कंडेन्सरच्या नशिबी येणारी हवा सहज ४५-५० अंशांची होते. मग वाफेलाही आणखी तापावे लागते. ६५ अंशांना द्रवीकरण होऊ लागले, तर दाब १९ पटीवर जातो. तेवढीच उष्णता उचलायला कॉम्प्रेसरला आता जास्त जोर लावावा लागतो.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी कार्नोचे सूत्र वापरून पाहावे. कॉइलचे तापमान २ अंश, म्हणजे २७५ केल्विन धरा. आदर्श यंत्र एक जूल कामात किती जूल उष्णता उचलेल, हे २७५ ला दोन तापमानांतील फरकाने भागून मिळते. कंडेन्सर ५० अंशांवर असताना फरक ४८, उत्तर सुमारे ५.७. कंडेन्सर ६५ वर गेला की फरक ६३, उत्तर सुमारे ४.४. खरे यंत्र या आदर्शाच्या बरेच खाली असते, पण घसरण त्याच दिशेने होते.

जोर जास्त हवा, आणि नेमका तो देणारा या वेळी थकलेला! कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, असे मघाशी म्हटले. धावत्या गाडीचे इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेते. सिग्नलला उभ्या गाडीचे फेरे आठशे-नऊशेवर येतात, म्हणजे कॉम्प्रेसर मिनिटाला पूर्वीच्या निम्म्याहून कमी वाफ ओढतो. ज्या क्षणी मदतीची गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी ती अर्ध्यावर येते. विजेवर चालणाऱ्या बेस्टच्या नव्या वातानुकूलित बसमध्ये हा दोष नाही. तेथे कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, त्याला चाकांच्या वेगाशी कर्तव्य नसते. (तेथे दुसरे दुखणे आहे. दर थांब्याला दार उघडते आणि किलोग्रॅममागे ६० किलोजूलवाली हवा प्रवाशांबरोबर फुकट आत शिरते.)

जुनी पद्मिनी टॅक्सी तुमच्यापैकी काहींनी लहानपणी पाहिली असेल. वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे ३० किलोवॅटचे. एसीच्या कॉम्प्रेसरला २ ते ३ किलोवॅट लागतात, म्हणजे तिच्या पूर्ण ताकदीचा दहावा हिस्सा नुसत्या गारव्याला! त्या टॅक्सीचा एसी म्हणजे पुढच्या दाराची त्रिकोणी काच. ती तिरकी केली, की धावत्या गाडीत अंगावर झकास वारा येई. सिग्नलला मात्र तीही निरुपयोगी. तेव्हा उभ्या गाडीचे दुःख जुनेच आहे.

तापलेली पेटी

आणखी एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, तर एसीला गारवा आणायला इतका वेळ का लागतो? लहान गाडीत हवा असते साधारण ३ घनमीटर, वजनाने साडेतीन किलोग्रॅमच्या आत. ती २५ अंशांनी उतरवायला ८०-८५ किलोजूल काढायचे. गाडीचा एसी साधारण एक टनाचा धरू. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषील, तो वेग म्हणजे एक टन; सुमारे ३.५ किलोवॅट. त्याने हे काम अर्ध्या मिनिटाच्या आत व्हायला हवे!

ते होत नाही, कारण तापलेली असते ती केवळ हवा नव्हे. सीटा, डॅशबोर्ड, दारांचे अस्तर, काचा, पत्रा हे सारे तापून बसलेले असते. असे ५० किलोग्रॅम सामान धरले आणि त्याची उष्माधारकता किलोग्रॅममागे १.३ किलोजूल मानली, तर २५ अंशांसाठी १,६०० किलोजूलहून अधिक उष्णता काढावी लागते. म्हणजे जवळजवळ आठ मिनिटे. शिवाय वरून ऊन चालूच. मुंबईत १५ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि टपाच्या दर चौरस मीटरला किलोवॅटच्या आसपास ऊन झेलावे लागते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे टप पिवळे आहे, काळे नाही, हे एका अर्थी बरेच झाले म्हणायचे.

म्हणून तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी एक-दोन मिनिटे काचा खाली करून गाडी चालवावी. बाहेरची ३४ अंशांची हवादेखील आतल्या पन्नास-साठ अंशांच्या हवेपेक्षा गारच आहे. बंद गाडीची हवा इतकी का तापते, याचे उत्तर देताना 'काच उष्णता आत सोडते, बाहेर सोडत नाही' असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धे खरे. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीला काच लावली, दुसरीला सैंधवाची पट्टी, जिच्यातून उष्णतेचे किरण सहज बाहेर पडतात. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. मुख्य कारण म्हणजे आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही. म्हणूनच लहान मूल किंवा कुत्र्याचे पिल्लू बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये. काच बोटभर उघडी ठेवली, तरी भागत नाही.

दादरला बॉनेट उघडले

चिवडा घेऊन, हिंदमातावरून एकदाचे दादरला पोहोचलो. मावशी मुलीच्या घरी गेली. मी टॅक्सीवाल्यांना म्हटले, "दादा, पाच मिनिटे आहेत का? इंजिन आणि एसी चालूच ठेवा, बॉनेट उघडून पाहू."

मला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. उभ्या गाडीत एसीची ताकद कमी होते हे ठीक, पण १० वरून २१? गाडी बनवणाऱ्यांना सिग्नल ठाऊक असतातच. वारा नसताना कंडेन्सरवर हवा ओढायला ते विजेचा पंखा बसवतात. एसी चालू केला, की तो फिरू लागला पाहिजे. आम्ही पाहिले. दोन पंख्यांपैकी रेडिएटरपुढचा मधूनमधून फिरत होता. कंडेन्सरसमोरचा जागचा हलत नव्हता. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांतही धूळ आणि चिखल असा बसला होता, की पलीकडचे दिसेना. थोड्याच वेळात 'टक्' असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसर थांबला. दाब फार वाढला, की नळी फुटू नये म्हणून एक कळ त्याला बंद करते. दाब उतरला, की पुन्हा 'टक्'. लालबागला निम्मा वेळ हेच चालले असणार.

(तुम्ही हे घरी पाहणार असाल, तर वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घ्या आणि हात लांब ठेवा. पंखा केव्हा सुरू होईल, याचा नेम नसतो.)

"म्हणजे गॅस आहे?" त्यांनी विचारले.

"धावताना १० अंश मिळतात, तेव्हा असावा. गॅस फार कमी झाला, की धावतानाही गारवा येत नाही. आधी पंखा पाहा, जाळी धुऊन घ्या. त्याला फारसे पैसे पडत नाहीत. तरीही गार झाले नाही, तर गॅस मोजून घ्या; आणि कमी निघाला, तर गळती कोठे आहे ते शोधून मगच भरा."

हे शेवटचे मी त्यांच्या दोन हजारांसाठी बोललो, तसे आपल्या हवेसाठीही. पूर्वी मोटारींत आर-१२ हा प्रशीतक असे. तो गळून वर गेला, की ओझोनच्या थराला खातो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोन विरळ झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलोग्रॅम हा कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे किलोग्रॅमइतकी पृथ्वी तापवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे प्रशीतकही हळूहळू कमी करायचे ठरले आहे आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. गळक्या नळीत दर उन्हाळ्यात गॅस भरत राहणे म्हणजे तो हळूहळू हवेत सोडणेच होय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तेच टॅक्सीवाले मला चर्चगेटला पुन्हा भेटले. पंख्याकडे जाणाऱ्या तारेचा जोड जळून गेला होता. तो बदलला, जाळी पाण्याने हलक्या हाताने धुतली, गॅसला हात लावला नाही. आता उभ्या गाडीत किती गार होते, हे त्यांनी मला मरीन ड्राइव्हला नेऊन नाही, तर मुद्दाम सिग्नलला थांबूनच दाखवले. माझ्या तापमापकावर १३ आले. १० नव्हे, कॉम्प्रेसरचे फेरे कमी होतात, ते कोणता पंखा भरून काढणार?

पाऊस नुकताच सुरू झाला होता. निघताना त्यांनी मलाच एक प्रश्न विचारला. "सर, एक सांगा. उन्हाळ्यात कधी नाही, पण पावसाळ्यात रात्री एसी जोरात लावला, की पुढची काच धुरकट होते. आतून पुसली, तर जात नाही. वायपर फिरवला, की लगेच जाते. असे का?"

मी त्यांना उत्तर दिले, पण येथे देत नाही. एक सूचना मात्र करतो. पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेचे दवबिंदू तापमान बहुधा २५ अंशांच्या आसपास असते. काचेच्या कोणत्या बाजूला पाणी जमले, हे वायपरने सांगितलेच आहे. एसीच्या झोताने त्या काचेचे तापमान किती झाले असेल, आणि एसी बंद न करताही धुरकटपणा जावा म्हणून जाळीची दिशा कोठे वळवावी, हे तुम्ही शोधा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.